मजुरीची वाट

कळंबच्या किनाऱ्यावर सुटीच्या दिवशीं मौजेसाठीं येणाऱ्या मंडळीच्या बाटल्या सुरूच्या झाडांखालीं पडलेल्या आपण सर्वच पाहतों. त्यांविषयीं बोलणारे पुष्कळ आहेत. मला लिहावयाचें आहे तें आपल्या घरांतील कष्टकऱ्याविषयीं, जो पहांटे होडीवर, बांधकामावर किंवा वालीवच्या कारखान्यांत राबावयास जातो.

शनिवारीं त्याच्या हातीं मजुरी पडते आणि सोमवारीं वर्गांत कांहीं मुलें वहीवांचून बसतात. ह्या दोन वारांचा संबंध मीं इतक्या वेळां पाहिला आहे कीं, वही कां नाहीं असें मी आतां चारचौघांत विचारीत नाहीं. एकदां ‘माझी संध्याकाळ’ असा निबंध दिला होता. एका मुलानें लिहिलें कीं, अंधार पडल्यावर मी बाबांना आणावयास जातों. कोठून, तें त्यानें लिहिलें नव्हतें. (शुद्धलेखनाची एकही चूक त्यांत नव्हती, हें येथें नमूद करणें मला अवश्य वाटतें.)

“अंग ठणकतें, म्हणून घेतों,” असें कष्टकरी म्हणतो, आणि तें खोटें नाहीं. घोटभर दारूनें वेदना बधिर होतात खऱ्या. परंतु झोप तुटक लागते, शरीरांतील पाणी कमी होतें, आणि दुसऱ्या दिवशीं तेंच ओझें अधिक जड वाटतें. मग मात्रा वाढते. यकृतांत प्रथम चरबी सांचते, मग सूज येते, आणि शेवटीं तें कठीण पडतें. दुर्दैवानें हा अवयव फार दिवस तक्रारच करीत नाहीं.

स्वस्त दारूचा धोका तर याहून निराळा. जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणी भागांत विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत बहुतेक हातावर पोट असलेलीं होतीं. असल्या दारूंतील मिथेनॉल चवीनें सहसा ओळखूं येत नाहीं. यकृतांत त्याचें फॉर्मिक आम्ल बनतें आणि तें डोळ्यांच्या नसेवर घाला घालतें. कित्येक तास कांहींच जाणवत नाहीं. मनुष्य निजतो, आणि उठल्यावर त्यास धुकें पडल्यासारखें दिसूं लागतें. त्या घटकेस तडक रुग्णालय गांठलें तर उपाय आहे. लिंबूपाणी पाजीत बसण्यांत तो वेळ जातो.

तंबाखू व मशेरी यांस तर आपण व्यसनांत धरीतही नाहीं. गुटख्यावर महाराष्ट्रांत २०१२ सालीं बंदी आली. परंतु मशेरीचा डबा अजून आजीच्या उशाशीं असतो, आणि तोंडाचा कर्करोग आजी व नातू असा भेद करीत नाहीं.

पालकहो, एक गोष्ट मात्र ध्यानांत असूं द्या. वर्षानुवर्षें रोज पिणाऱ्यानें शपथ घालून एकाएकीं सोडली, तर दोनतीन दिवसांत हात कांपणें, भास होणें, झटके येणें असे प्रकार होतात व प्राणावरही बेततें. लोक त्यास भूतबाधा समजतात. हा आजार आहे, आणि त्यास डॉक्टरच लागतो. पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलें. तेथें रुग्णासमवेत त्याच्या पत्नीसही जवळ बसवून समजावितात. शनिवारची मजुरी घरीं पोंचली नाहीं, तर चूल कशी पेटवावी हें तिलाच ठाऊक असतें.