कॅप्स लॉकची सोय

माझ्या लॅपटॉपवर दुसरं कुणी टाइप करायला बसलं की दोन मिनिटांत वैतागतं. कॅप्स लॉक दाबलं की तिथे एस्केप लागतं. मी विम या एडिटरमध्ये कोड लिहितो. एस्केपशिवाय तिथे पान हलत नाही आणि ती कळ कीबोर्डच्या पार वरच्या कोपऱ्यात. विमचा पूर्वज व्हीआय बिल जॉयने 1976 च्या सुमारास लिहिला तो एडीएम-3ए टर्मिनलवर. तिथे एस्केप आजच्या टॅबच्या जागी होतं, करंगळीजवळ. टर्मिनल इतिहासजमा झालं, वळण तेच राहिलं. त्यामुळे हा बदल मला चैन वाटत नाही.

विमच्या सेटिंगची फाइल मात्र वेगळं प्रकरण. निओविम या त्याच्या नव्या अवतारात ती लुआ भाषेत लिहिता येते, म्हणजे सेटिंग हाच एक प्रोग्रॅम झाला. प्रोग्रॅम आला की बग आले, आणि बग दिसला की आमच्या जमातीला जेवण जात नाही. रंग, फॉन्ट, तिरप्या कॉमेंट यांत माझा रविवार जातो आणि मजेत जातो. फक्त सोमवारी त्याला ‘प्रॉडक्टिव्हिटी’ म्हणू नये.

कामात काही खुपलं तर मी ते तिथल्या तिथे दुरुस्त करत नाही, टेबलावरच्या कागदावर खरडून ठेवतो. शुक्रवारी जेवणानंतर कागद बघतो. बरंचसं तोवर खुपेनासं झालेलं असतं. जे पुन्हा पुन्हा खरडलं गेलंय, तेवढंच हातात घेतो. ग्राहकाची तक्रार आली की रिक्वेस्ट आयडी उचला, एकेका सर्व्हरवर एसएसएच करा, ग्रेप मारा, मग वेळा बघून ओळी जुळवा, हे असंच सारखं कागदावर येत होतं. त्याचं एक छोटं शेल फंक्शन केलं. आता आयडी दिला की सगळ्या सर्व्हरच्या लॉगमधल्या ओळी वेळेच्या क्रमाने समोर. दिसायला ओबडधोबड आहे. पण रोज चालतं.

साधनांवर वेळ घालवण्यावरून कुणी टोकलंच तर मी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथना पुढे करतो. आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाची नवी जुळणी पसंत पडली नाही म्हणून 1977 मध्ये ते टेक्स हा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम लिहायला बसले. थोडक्यात उरकेल असा त्यांचा अंदाज होता. दहाएक वर्षं गेली. चौथ्या खंडाचा पहिला भाग आला 2011 मध्ये. जगाला टेक्स मिळालं खरं, पण आमच्या मॅनेजरसमोर हे उदाहरण उलटतं.

आणि रात्री प्रॉडक्शन कोसळतं तेव्हा सर्व्हरवर असतो कोरा व्हीआय. माझे शॉर्टकट तिथे नसतात, बोटं उगाच स्पेसबार बडवतात. कॅप्स लॉकची सोय मात्र लॅपटॉपची, त्यामुळे ती तिथेही सोबत येते. ते कळल्यावर फाइलमधलं निम्मं मी काढूनच टाकलं.

टीममधल्या नव्या मुलाने परवा माझ्या सेटिंगच्या फाइली मागितल्या. ‘‘सगळ्या नको रे, लॉगचं फंक्शन तेवढं घे,’’ म्हटलं. ‘‘हो दादा,’’ म्हणाला, आणि आधी रंग उचलले.