शून्य कार्य

पदार्थविज्ञान हा विषय कठीण, असें म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांतील गणितें आम्हांसही कठीण गेलीं, हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं; परंतु आम्हांस खरोखर अडविलें तें एका साध्या शब्दानें, आणि तो शब्द आपणांस पाळण्यापासून ठाऊक आहे अशीच आमची समजूत होती.

आमचें गांव भातकुली. परगांवच्या लोकांस तें जैनांचें तीर्थक्षेत्र म्हणून माहीत असतें. आम्हां गांवकऱ्यांस मात्र खारपाण पट्ट्यांतील गांव हीच त्याची ओळख अधिक जवळची. पूर्णेच्या खोऱ्यांतील हा पट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. जमीन काळी, कपाशी-तुरीस मानवणारी. पण भूगर्भांतील पाणी खारट. आमच्या लहानपणीं घराजवळच्या विहिरीच्या पाण्याची चूळही भरवत नसे. गोड्या पाण्यासाठीं बायकांस लांबच्या विहिरीची वाट धरावी लागे. आमच्या आईच्या रोजच्या दोन खेपा ठरलेल्या असत.

इ. स. १९८३ सालीं अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ झालें. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं आम्ही तेथील एका महाविद्यालयांत विज्ञानशाखेच्या पहिल्या वर्गांत दाखल झालों. दहावीपर्यंतचें शिक्षण मराठींत झालेलें. बारावीचा गड पाठांतराच्या बळावर सर केलेला. आतां व्याख्यानें इंग्रजींत चालत. प्राध्यापक ‘वर्क’ म्हणत, आणि आम्ही मनांतल्या मनांत त्याचें ‘काम’ असें भाषांतर करीत असूं.

एके दिवशीं त्यांनीं सांगितलें, “डोक्यावर ओझें घेऊन सपाट रस्त्यानें सारख्या वेगानें चालणाऱ्या माणसाचें त्या ओझ्यावरील ‘वर्क’ शून्य.” कारणही दिलें. माणसाचें बल ओझ्यास वर उचलून धरतें, ओझें सरकतें आडव्या दिशेनें. दोन दिशांत काटकोन, म्हणून गुणाकार शून्य. आम्हीं तें वहींत उतरवून घेतलें, आणि शनिवारीं गांवीं गेलों.

आई नुकतीच पाणी घेऊन आली होती. नवी विद्या मिरविण्याची हौस आम्हांस आवरली नाहीं. “आई, शास्त्राच्या हिशेबानें विहिरीपासून घरापर्यंत तूं कांहींच काम करीत नाहींस,” असें आम्ही बोलून गेलों. तिनें घागर खालीं ठेवली व शांतपणें विचारलें, “मंग हे घागर का आपल्या पायानं चालत आली?” मग थोडें थांबून म्हणाली, “तुह्या मास्तरले म्हनाव, एक डाव ये माह्यासंगं पान्याले.” एवढें बोलून तिनें चुंबळ पुन्हा डोक्यावर ठेवली आणि ती दुसऱ्या खेपेस निघून गेली.

तें वाक्य आमच्या मनांतून जाईना. जें शास्त्र आईच्या घामास शून्य म्हणतें तें शिकून काय मिळवावयाचें, असें वाटूं लागलें. सहामाही परीक्षेंत या विषयांत आम्ही नापास झालों, तेव्हां त्या विचारास बळच आलें. कला शाखेकडे जाण्याचा अर्ज लिहून आम्हीं खिशांत ठेविला होता.

तो देण्यापूर्वीं प्रयोगशाळेंत आम्हीं धीर करून प्राध्यापकांस विचारलें, “काम शून्य, तर माणूस दमतो कसा?” मुलें हंसलीं; प्राध्यापक हंसले नाहींत. त्यांनीं एक किलोचें वजन आमच्या हातीं देऊन हात समोर ताठ धरावयास लावला. दोनचार मिनिटांत हात थरथरूं लागला. तेव्हां ते म्हणाले, “वजन जागचें हललें नाहीं. तेंच टेबलावर ठेवा; टेबल दमणार नाहीं. तुमचे स्नायू मात्र वजन धरून ठेवण्यासाठीं सारखे आंखडतात आणि सैल होतात. त्यांत अन्नाची ऊर्जा खर्च होते व तिची उष्णता बनते. ती शास्त्राच्या वहींत नोंदलेली आहे. फक्त वजनाच्या खात्यावर नाहीं, शरीराच्या खात्यावर आहे.”

त्या रात्रीं आम्हीं हिशेब मांडला. विहिरीचें पाणी दहा मीटर खोल धरलें आणि घागरींत पंधरा लिटर पाणी धरलें, तर तें वर ओढण्याचें कार्य सुमारें १४७० ज्यूल. अन्नाची एक किलोकॅलरी म्हणजे जवळजवळ ४१८६ ज्यूल. म्हणजे एवढ्या कार्याची भरपाई भाकरीच्या एका घासानेंही होऊन वर ऊर्जा उरावी! घागरीपर्यंत जें पोहोंचलें तेवढेंच हें माप मोजतें; आईच्या अंगांतून जें गेलें तें मोजण्याचा त्याचा दावाच नव्हता.

पुढें वाचनांत आलें कीं, हा शब्द या अर्थानें यंत्रशास्त्रांत आणिला तो कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञानें, १८२९ सालच्या ग्रंथांत. त्याच्या आधींपासून खाणींत सांचलेलें पाणी उपसण्यास वाफेचीं यंत्रें लावीत, आणि कोणतें यंत्र किती पाणी किती उंच चढवितें यावर त्याची किंमत ठरे. पाणी ओढण्याचेंच माप तें, पण यंत्रासाठीं योजिलेलें. फ्रेंच व इंग्रजी भाषांनीं त्यासाठीं घरांतलाच शब्द वापरला. मराठी पाठ्यपुस्तकांत मात्र ‘कार्य’ हा शब्द योजिला आहे आणि ‘काम’ घरींच राहूं दिलें आहे. शाळेंत आम्ही तो शिकलोंही होतों. ज्या दोन शब्दांस आमच्या भाषेनें वेगळें ठेविलें, त्यांची सरमिसळ आम्हीं केली, आणि दोष शास्त्राच्या माथीं मारिला.

दिवाळीस घरीं जातांना तो अर्ज आम्हीं फाडून टाकिला. गांवीं पोहोंचल्यावर आईस म्हटलें, “मागें सांगितलें तें अर्धेंच होतें, आज खेप मी करतों.” ती कांहीं बोलली नाहीं, केवळ सोबत चालत राहिली. घागर खांद्यावर घेऊन अर्धी वाट कशीबशी सरली. मान अवघडली, पाय जड झाले. तेव्हां तिनें विचारलें, “आता सांग बापू, किती झालं?”

घागरीच्या खात्यावरचा आंकडा आम्हांस पाठ होता. पण तो उच्चारण्याइतका श्वास उरला नव्हता.