लाईट गेलीच नव्हती!

तर झालं असं की, डोंबिवलीच्या घरी फोटो साठवायला ठेवलेला जुना पीसी अधूनमधून सकाळी बंद सापडायला लागला. २००५-०६ चं भारनियमन अनुभवलेली माणसं आम्ही, पहिला संशय अर्थातच लाईटवर. "लाईट गेलीच नव्हती रे, फ्रिज रात्रभर चालू होता," बाबा म्हणाले. मग दुसरा संशय बाबांवर! "तुम्हीच दाबलं असणार बटण. झोपताना घरभर बटणं बंद करत फिरता." ते काहीच बोलले नाहीत. (हे जास्त लागतं.)

शनिवारी लॉग बघायला बसलो, तर नोंदी त्या सकाळपासूनच्याच. आदल्या रात्रीचं काही नाही. मशीनवर जुनं डेबियन १०. त्यात '/व्हार/लॉग/जर्नल' हे फोल्डर असेल तरच सिस्टिमडीचं जर्नल डिस्कवर लिहितं, नाहीतर '/रन' मध्ये, म्हणजे मेमरीत. मशीन बंद, पाटी कोरी. डेबियन ११ पासून (२०२१) हे फोल्डर आयतं मिळतं. जुन्यात निदान आर-सिस्लॉग वेगळी प्रत ठेवायचं, पण 'उगाच जागा खातं' म्हणून ते मीच काढून टाकलेलं. ठाण्याच्या ऑफिसात दिवसभर लोकांना लॉग जपायला सांगतो आणि घरी हे... असो.

फोल्डर केलं, जर्नलची सर्व्हिस रीस्टार्ट केली. जागेची भीती उगाचच होती. वेगळं काही सांगितलं नाही तर जर्नल डिस्कच्या १० टक्क्यांवर जात नाही, आणि कितीही मोठी डिस्क असली तरी ४ जीबीवर नाही.

मंगळवारी सकाळी पीसी पुन्हा बंद. चालू करून 'जर्नलसीटीएल'ला मागच्या बूटच्या नोंदी मागितल्या. लाईट गेली असती तर नोंदी मध्येच तुटल्या असत्या. साध्या नोंदी डिस्कवर पक्क्या व्हायला पाच मिनिटंही लागतात, त्यामुळे शेवटचं थोडं गेलंच असतं. बटण दाबलं असतं तर 'पॉवर की प्रेस्ड' दिसलं असतं. दोन्ही नव्हतं. होती ती कर्नलची ओळ: तापमान धोक्याच्या पातळीला, मशीन बंद करतोय. अशी आणीबाणीची नोंद जर्नल लगेच डिस्कवर टाकतं, म्हणून वाचली.

कॅबिनेट उघडलं तर सीपीयूच्या पंख्यावर गोधडीसारखी धूळ. रात्री दोनला फोटोंचा बॅकअप सुरू झाला की बिचारा तापत होता.

बाबांना ती ओळ दाखवली. चष्मा लावून त्यांनी सावकाश वाचली. "वेळ पण लिहिलीय का? दोन वाजून अकरा? बरं झालं," म्हणाले, आणि जुना ब्रश शोधायला गेले.