लेव्हल वन : तेर ते भडोच

तुमच्या-माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, 'एज ऑफ एम्पायर्स' म्हटलं की डोळे चमकतात. लाकूड तोडा, सोनं खणा, अन्न साठवा, मग सैन्य. साधनं कमी आणि गरजा जास्त, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकाआधी आपल्याला त्या गेमनं शिकवलं. घरी मात्र त्याचं नाव एकच, टाइमपास!

मी मूळचा ढोकीचा, धाराशिव जिल्ह्यातला. नोकरी पुण्यात, आयटीत. धाकटी बहीण गावाकडंच असते. या दिवाळीत तिनं भाच्याच्या हातातला मोबाईल काढून माझ्यापुढं ठेवला. "दादा, तूच सांग बाबा ह्याला. दिवसभर ढिशक्यांव ढिशक्यांव. इतिहासात मार्क बघितले का?"

भाच्याचं म्हणणं सरळ होतं. "मामा, इतिहासात करायचं काय असतं? नुसतं पाठच करायचं ना?"

बॉस, प्रश्नात दम होता. डॉन रॅविच नावाच्या अमेरिकन तरुणापुढंही असंच काहीसं कोडं होतं. १९७१ साली मिनियापोलिसच्या शाळेत तो आठवीला इतिहास शिकवत होता. विषय होता, बैलगाड्या जुंपून पश्चिमेकडं निघालेली कुटुंबं. सोबत राहणाऱ्या दोन मित्रांनी बेसिक भाषेत साधारण दोन आठवड्यांत त्याचा गेम लिहून दिला, 'ओरेगॉन ट्रेल'. स्क्रीन नाही, चित्रं नाहीत. टेलिटाइप मशिनवर कागद छापून यायचा आणि पोरं ठरवायची, पैसे बैलांवर घालवायचे की धान्यावर? चुकलं तर वाटेत उपासमार. पुढं तो गेम मिनेसोटाच्या शाळाशाळांत पोचला.

आणि आमच्या ढोकीजवळ काय आहे? तेर! म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांवर, तिथून पूर्वेला तगर दहा दिवसांवर. तगरचं कापड, मलमल गाड्यांत भरून अवघड वाटांनी भडोचला जायची. म्हणजे महिनाभराची वाट. याहून तयार गेम कुठला हवा?

मग लुडोचा फासा, नाण्यांऐवजी हरभरे आणि वहीच्या पानावर नकाशा. भाचा आणि त्याचे दोन दोस्त झाले व्यापारी. चौथ्या दिवशी बैल आजारी. थांबायचं की कापड विकून नवा बैल घ्यायचा? भाच्यानं पैठणपर्यंत सगळं कापड विकून टाकलं आणि भडोचला रिकामी गाडी घेऊन पोचला. दोस्त फिदीफिदी हसले. यानं न सांगता नकाशाची वही उघडली. "मामा, पैठणच्या पुढं डोंगर कुठं लागतो?"

पण लगेच टाळ्या नकोत. तो प्रश्न नुसत्या खेळातून आला नाही. हरल्यावर "का हरलास?" असं विचारणारं कुणीतरी शेजारी होतं. मोबाईलमधला गेम हे विचारत नाही, तो म्हणतो, अजून एक डाव! वर्गात हे काम गुरुजींचं. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. कोड छापणं सोपं, त्यातून मुलाला काय दाखवायचं हे ठरवायला शिक्षकच लागतो.

बहिणीची शंका मात्र रास्त आहे. "पेपरात बैल येणार नाही, दादा. 'व्यापारी केंद्रं लिहा' असंच येणार." खरंय. ती दोघांच्या पगारातून शिकवणीची फी भरते. माझ्या प्रयोगाची किंमत तिच्या पोराच्या मार्कांनी चुकवायची नाही. म्हणून आमचा करार ठरलाय, आधी स्वाध्याय, मग गाडी.

आपण कोड लिहून पोट भरतो. रॅविचच्या मित्रांना दोन आठवडे पुरले, मला चार वीकेंड लागतील. आपापल्या गावाजवळचं एखादं तेर तुम्हीही शोधा. माझा टेस्टर तयार आहे. पहिला बग त्यानं फोनवर कळवलाय : "मामा, बैलांना पाणी पाजायचं बटणच नाही!"