डिकीतलं पाणी

कुठेही जायचं ठरलं की मी आधी एक्सेल उघडतो. घरचे हसतात. हसू देत. गेल्या मे महिन्यात पुण्याहून ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वर आणि तिथून किनाऱ्या-किनाऱ्याने केळशी, आंजर्ले, गुहागर करत गणपतीपुळ्याला जायचं ठरलं, तेव्हाही एक झकास शीट तयार केलं. गाव, किलोमीटर, फेरीबोटीची वेळ, पेट्रोल, जेवण कुठे, जेवणात काय. पाण्याचा वेगळा कॉलम होता. माणशी तीन लिटर, गुणिले चार माणसं, बरोबर बारा. म्हणून डिकीत वीस लिटरचा जार आणि प्रत्येकाला स्वतंत्र बाटली. कोकणातला मे म्हणजे काय चीज आहे हे मला ठाऊक होतं. तिथे पारा पुण्यापेक्षा कमी असतो, पण हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही. घाम वाळला तरच अंग गार होतं. न वाळता नुसता गळत राहिला तर पाणीही जातं, मीठही जातं आणि गारवा काही मिळत नाही.

थोडक्यात, तयारी चोख होती. (असं मला वाटत होतं.)

पहाटे साडेपाचला निघालो. माणगावला मिसळ आणि वडे झाले. अकराच्या सुमारास हरिहरेश्वर. देवदर्शन झाल्यावर आई म्हणाली, प्रदक्षिणा करायचीच. तिथली प्रदक्षिणा म्हणजे डोंगराच्या खाचेतून पायऱ्या उतरून थेट समुद्राच्या खडकांवरून. ओहोटी होती, रस्ता मोकळा होता, ऊन मात्र डोक्यावर. आईचं वय चौसष्ट, बीपीची गोळी चालू. पण झाली बुवा प्रदक्षिणा. मग आम्ही बागमांडल्याच्या जेट्टीवर येऊन फेरीच्या रांगेत उभे राहिलो. खाडीपलीकडे वेश्वी दिसत होतं. आई गाडीतून पाय मोकळे करायला उतरली आणि दार धरून तशीच खाली बसली.

चेहरा पांढराफटक. ओठ कोरडे. मी हाका मारतोय आणि ती "काही नाही रे, जरा गरगरलं" एवढंच म्हणतेय. जेट्टीजवळ एक बाई टपरी चालवत होत्या. त्यांनी एक क्षण पाहिलं, आईला सावलीत बाकावर आडवं केलं, पाय उशीसारख्या ठेवलेल्या पोत्यावर उंच केले आणि साखर-मीठ घातलेलं पाणी चमच्या-चमच्याने पाजायला लागल्या. माझ्या हातात एसीतलं गार पाणी घेऊन मी नुसता उभा.

अर्ध्या तासाने आई उठून बसली. फेरी सोडली आणि जवळच्या गावातला एक दवाखाना गाठला. डॉक्टर तरुण होते. बीपी तपासलं, खूपच कमी भरलं. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आजी, सकाळपासून लघवीला किती वेळा गेलात?"

आईने बायकोकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे. मग आई हळूच म्हणाली, "घरून निघताना गेले होते."

दुपारचे दोन वाजले होते.

"आणि पाणी?"

"चहा घेतला ना माणगावला."

मी चक्रावलोच. "अगं आई, डिकीत वीस लिटर पाणी आहे! प्यायचं ना!"

"प्यायचं, आणि मग जायचं कुठे?" ती इतक्या साधेपणाने म्हणाली की मला उत्तरच सुचेना. "एसटीने गावाला जायचे तेव्हापासूनची सवय आहे माझी. प्रवासात पाणी प्यायचं नाही."

"मला कधी बोलली नाहीस."

"ह्यात काय सांगायचं?"

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी पण. माणगावच्या हॉटेलातलं पाहिलंस का तू? तू काय, कुठेही गाडी थांबवतोस." खरंच, वाटेत मी दोनदा झाडामागे जाऊन आलो होतो आणि ते माझ्या हिशोबातही नव्हतं. शेवटचा घाव दहा वर्षांच्या लेकीने घातला. तिची बाटली उचलून पाहिली तर जवळजवळ भरलेली. "आजीनेच सांगितलंय ना, गाडीत जास्त पाणी पिऊ नये म्हणून."

वीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय की युजरला विचारल्याशिवाय सिस्टिम बांधू नका. इथे चारपैकी तीन युजर माझ्या गाडीत बसले होते आणि एकीलाही मी काही विचारलं नव्हतं. पाण्याच्या कॉलमशेजारी दुसरा एक कॉलम लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण तो माझा प्रश्न कधी नव्हताच.

असो. डॉक्टरांनी काही गोष्टी समजावल्या, त्या मला नवीन होत्या. वय वाढतं तशी तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे "तहान लागली की पिईन" हा नियम म्हाताऱ्या माणसांना चालत नाही. घड्याळ बघून घोट-घोट प्यायचं. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद झाली की पाणी कमी पडतंय. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी, म्हणजे घामातून गेलेलं मीठ शहाळं एकटं भरून काढत नाही. शिवाय बीपीच्या काही गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. आईची गोळी त्यातलीच निघाली, म्हणून तिला दिवसाला एकच शहाळं.

आणि टपरीवरच्या बाईंनी केलं ते अगदी बरोबर होतं. साखर आणि मीठ एकत्र असलं की आतड्यातून दोन्ही जोडीने आत शिरतात आणि पाण्यालाही सोबत नेतात. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच तत्त्व वापरून साखर-मिठाचं द्रावण पाजलं आणि असंख्य जीव वाचवले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. घरगुती प्रमाण असं: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने वाढवायचं नाही, आणि बीपीवाल्यांनी हे रोजचं सरबत समजायचं नाही. ओआरएसची पाकिटं तर कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात. माझ्या शीटमध्ये तीही नव्हती.

त्या रात्री केळशीत मुक्काम केला आणि शीट नव्याने मांडलं. पुढच्या प्रत्येक गावात जिथे खानावळ किंवा घरगुती मुक्काम सापडला, तिथे फोन केला. पहिला प्रश्न, "बाथरूम स्वच्छ आहे का? आणि वाटेत नुसतं तेवढ्यासाठी थांबलो तर चालेल का?" एका काकू फोनवर हसल्याच. म्हणाल्या, "लोक मासे कुठले आहेत ते विचारतात हो. हे विचारणारे तुम्हीच पहिले. या, खुशाल या." कोणीही नाही म्हटलं नाही. दर दीड-दोन तासांनी एक थांबा ठरला. प्रवास लांबला, पण घाई कोणाला होती?

खाणंही बदललं, आणि त्यात डोकं लावावंच लागलं नाही. तिथले लोक त्या हवेत जे खातात तेच खायचं. सकाळी मिसळ-वड्यांऐवजी तूप-मेतकूट घातलेला मऊ भात, नाहीतर घावनं आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. एका घरी तांदळाची पेज मिळाली, किंचित मीठ घातलेली. प्यायलाही होते आणि पोटही भरतं. वळणावळणाच्या रस्त्यावर लेकीला हमखास उलटी होते, ती पेजेवर झाली नाही. दुपारी कुळथाचं पिठलं, भात आणि सोलकढी. तळलेली सुरमई रात्रीवर ढकलली, मुक्कामाला पोचल्यावर, कारण मसालेदार थाळी चापून वर दोन तास उन्हात गाडी म्हणजे सगळ्यांचे हाल. कोकमाचं सरबत घेताना बाटलीतल्या गोड पाकाऐवजी आगळाचं मागायचं. आगळात मीठ असतंच, वरून जिरेपूड आणि साखर बेताची. कापून ठेवलेली फळं नाहीत, आंबे मात्र अख्खे, आपल्या हाताने चिरून, लाज न बाळगता.

तिसऱ्या दिवशी दाभोळहून फेरीने धोपाव्याला उतरलो. चढ लागला, गुहागर अजून बरंच पुढे. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, चांगला खणखणीत. "अरे, पुढे कुठलं घर ठरवलंयस ते लवकर गाठ बाबा. मला जायचंय."

बेचाळीस वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. बायको हसायला लागली, आईही हसली. गणपतीपुळ्याला पोचलो तेव्हा डिकीतला जार दुसऱ्यांदा भरावा लागला होता.

घरी आल्यावर लेकीच्या शाळेची बाटली रोज संध्याकाळी बघायला लागलो. तीही भरलेलीच परत येते. विचारलं, तर म्हणाली, "शाळेतलं बाथरूम ना बाबा... मी घरी येऊनच जाते." पुढच्या शनिवारी पालकसभा आहे. या वेळी मी जाणार आहे.