सातवं नाणं

टॅरोतून भविष्य कळतं की नाही, या वादात मी पडत नाही. मला त्यातली चित्रं बघायला आवडतात, एवढंच. सध्या 'सेव्हन ऑफ पेंटॅकल्स' हा एकच पत्ता डोक्यात घोळतोय. एक तरुण कुदळीच्या दांड्यावर हात आणि हातांवर हनुवटी टेकून उभा आहे. समोर पानांनी भरलेलं झुडूप, त्याला फळांसारखी लगडलेली सहा नाणी. सातवं त्याच्या पायाशी. तो तोडत नाही, खणत नाही. नुसता बघतोय.

पुस्तकी अर्थ सोपा आहे: धीर धरा, कष्टाचं फळ मिळेल. मला मात्र तिथे आमचा दादा दिसतो. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून त्याने कोकणात हापूसची कलमं लावली. कलम लहानपणीच मोहोरतं. बघणाऱ्याला केवढा आनंद! पण पहिली तीन-चार वर्षं तो मोहोर खुडायचा असतो. ताकद फळात गेली तर झाड वाढत नाही. यंदाही त्याने खुडला, आणि रात्री फोनवर म्हणाला, "काय गं, विकून टाकू का सगळं?"

'धीर धर' म्हणणं सोपं होतं. पण हे चित्र काढणाऱ्या पामेला कोलमन स्मिथची गोष्ट मला माहीत होती. १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या या संचाची चित्रं तिची. काम मोठं, पैसे मात्र अगदी थोडे, असं तिने तेव्हा एका पत्रात लिहिलं होतं. १९५१ मध्ये ती गेली, तीही गरिबीतच. आज तिची चित्रं जगभर छापली जातात. म्हणजे लावणाऱ्यालाच फळ मिळेल, अशी हमी कुठलंच झाड देत नाही.

मग हा पत्ता सांगतो तरी काय? मला वाटतं, तो सांगतो: थांब आणि नीट बघ. पायाशी पडलेलं ते सातवं नाणं मला खुडलेल्या मोहोरासारखं वाटतं. ते वाया गेलेलं नाही, झाडाला दिलेलं आहे.

दादाला म्हटलं, "मोहोरावरून ठरवू नकोस रे. नवी पालवी कशी आलीय ते बघ. आणखी दोन वर्षं हप्ते निघतील का, ते आपण दोघं मिळून मांडू. नाही निघाले, तर विकू. त्यात कमीपणा नाही."

थोडा वेळ तो गप्पच होता. मग म्हणाला, "पालवी तांबूस आलीय. दाट आहे."

हिशेब रविवारी मांडायचा ठरलाय. बघू या.