अडवतो ब्राउझर, परवानगी देतो सर्व्हर!

सर्व्हरने उत्तर दिलं होतं! टर्मिनलच्या लॉगमध्ये २०० दिसत होतं, कर्लने तीच विनंती केली की जेसॉन धडाधड येत होतं, आणि तरी क्रोमच्या कन्सोलमध्ये लालभडक ओळी! म्हणजे नकार सर्व्हरचा नव्हताच. उत्तर ब्राउझरपर्यंत पोचलेलं, पण माझ्या जावास्क्रिप्टला ते वाचायची मुभा नाही. हे उमगलं तेव्हा मी अक्षरशः उठून उभी राहिले.

माझं पान लोकलहोस्टच्या ५१७३ पोर्टवर, एक्सप्रेसचा सर्व्हर ३००० वर. लॅपटॉप एकच, पण स्कीम, होस्ट आणि पोर्ट तिन्ही जुळले तरच ओरिजिन एक! परक्या ओरिजिनचं उत्तर पानाला वाचू न देण्याचा हा नियम नेटस्केपच्या जमान्यातला. भलत्याच साइटला दुसऱ्या टॅबमधल्या तुमच्या बँकखात्याची शिल्लक वाचता येत नाही, ते त्याच्याचमुळे.

उपाय? सर्व्हरने परवानगी देण्याच्या पद्धतीला कॉर्स म्हणतात; त्याच नावाचं पॅकेज एनपीएमवरून घेतलं, सगळ्या राउट्सच्या आधी ॲप.यूज(कॉर्स()) लिहिलं, आणि डेटा पडद्यावर! उत्तरासोबत आता ‘ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन’ हा हेडर जाऊ लागला, त्यात नुसती एक चांदणी: कुणीही वाचा.

पण खरा थरार पुढेच. जेसॉन पोस्ट करून पाहिलं, तर नेटवर्क टॅबमध्ये एकाऐवजी दोन विनंत्या! पहिली ऑप्शन्स, म्हणजे प्रीफ्लाइट. ब्राउझर आधी विचारतो: अमुक ओरिजिनवरून, पोस्टने, जेसॉन पाठवायचं आहे, चालेल? सर्व्हर २०४ देऊन हो म्हणतो, मगच खरा डेटा निघतो. साध्या एचटीएमएल फॉर्मसारख्या पोस्टला मात्र ही विचारणा नाही, कारण तसे फॉर्म पहिल्यापासूनच कुठेही पाठवता येत होते. केवढा विचार आहे यात! ज्या जुन्या सर्व्हरने कॉर्सचं नावही ऐकलेलं नाही, तो होकाराचे हेडर पाठवणारच नाही, आणि परक्या पानावरून आलेली डिलीट त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. त्याच्या कोडमधली एक ओळही न बदलता तो सुरक्षित! २०१४ साली डब्ल्यूथ्रीसीने या पद्धतीला शिफारशीचा दर्जा दिला. मला तर ती वेबवरची सगळ्यात सुंदर रचना वाटते.

मग लॉगिनची कुकी पाठवायला घेतली, तर चांदणी चालेना! तिथे ओरिजिन नावानिशी सांगावाच लागतो. एक्सप्रेसमध्ये माझ्या पानाचा पत्ता लिहिला, क्रेडेन्शियल्स ट्रू केलं, फेचमध्ये इन्क्लूड घातलं, आणि गेली कुकी! आता मॅक्स-एज ६०० ठेवलंय. तीच विनंती पुन्हा केली तर दहा मिनिटं ब्राउझर परत विचारत नाही!